घड्याळ कुणाच्या हातात

माझ्या अभ्यासिकेत साठ खुर्च्या आहेत आणि नियम एकच: बसायचं. बीडमध्ये स्पर्धा परीक्षेच्या पोरांना तोटा नाही. ती सकाळी सातला येतात, खुर्चीला चिकटतात आणि डोळे तारवटेपर्यंत उठत नाहीत. मला अशी माणसं आवडतात. मी स्वतः एकतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक सांभाळली, तीही खुर्ची न सोडता. त्यामुळे सत्तावीस नंबरवरची दीपमाला मला पहिल्या दिवसापासून खटकली. ही पोरगी दहा मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. दोन ओळी लिहील, उठेल, गच्चीवर जाऊन येरझाऱ्या घालील, खाली येऊन त्या दोन ओळी पुसेल आणि खुर्ची करकरा ओढून पुन्हा पहिल्यापासून लिहील. अठ्ठावीस नंबरवाल्याने तर तिच्याविरुद्ध माझ्याकडे लेखी तक्रार दिली होती.

एक दिवस मी तिला जिन्यात गाठलं.

"कोनती परीक्षा देतीस गं तू?"

"कोनतीच न्हाई, काका. नोकरी करते."

"कुटं?"

"इथंच. सत्तावीस नंबरला."

खोटं कशाला सांगू, मला वाटलं ही लोकांना फोन करून ओटीपी मागणाऱ्यांतली असावी. मी म्हटलं, लॅपटॉप दाखव. तिने न कुरकुरता दाखवला. तिच्या गावी, तलवाड्याला, वीज आणि नेट यांचा भरवसा नाही, म्हणून ती बीडमध्ये खोली करून राहत होती आणि वायफाय, इन्व्हर्टरसाठी माझ्याकडे बसत होती. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती लिखाण करायची. काय लिखाण, ते समजून घ्यायला मला दोन चहा लागले.

आजकाल हातातलं घड्याळ माणसाची झोप, पावलं, हृदयाचे ठोके सगळं मोजतं आणि ते कुठेतरी साठून राहतं. दुसरीकडे हे एआय एजंट आले आहेत, म्हणजे काम सांगितलं की आपलं आपण हातपाय हलवून उत्तर आणणारे संगणकातले मदतनीस. पण त्या मदतनिसाला घड्याळातलं काही दिसत नाही. पुण्याच्या कंपनीने त्यासाठी एक टूल बनवलं होतं. मदतनिसाने टूलला विचारायचं, टूलने घड्याळाचे आकडे आणून द्यायचे. आता कधी विचारायचं, कसं विचारायचं, आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे त्याला कुणीतरी लिहून द्यावं लागतं. नव्या सुनेला घरातले डबे दाखवतात ना, साखर इथे, मीठ तिथे, ह्या डब्याला हात लावू नको, तसं. ते लिहून देणारी ही.

"म्हंजी तू मानसांसाठी लिहीतच न्हाईस?"

"न्हाई. मशीन वाचतं."

"आन् त्याला कळतं?"

"मी लिहिलंय तेवढंच कळतं, काका. तेच तर डोक्याला ताप हाय."

त्याच दिवशी मी तिच्याविरुद्धची तक्रार फाडून टाकली आणि तिला गच्चीची किल्ली दिली. चांगल्या कामासाठी माणूस अस्वस्थ असेल तर असू द्यावा, असं मी स्वतःला समजावलं. ते मला पूर्ण पटलं होतं असं मात्र नाही.

हळूहळू तिची बाकीची हकीकतही कळली. तिचे आईबाप, भिवराबाई आणि आसाराम, ऊसतोडीला जाणारे. आमच्या जिल्ह्यात हे नवल नाही. दिवाळी झाली की गावंच्या गावं रिकामी होतात. या धंद्यात नवरा-बायकोची मिळून एक जोडी धरतात आणि त्या जोडीला म्हणतात कोयता. टोळीत माणसं किती, असं कुणी विचारत नाही, कोयते किती असं विचारतात. बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि दीपमाला तर उसाच्या फडातच रांगायला शिकली. तिची शाळा सहा महिने गावात आणि सहा महिने कुठेच नाही, अशी चालली. पुढे हंगामी वसतिगृह मिळालं, मग बीडला कॉलेज. फडात असताना टोळीतल्या बायांना साधा फोन लावायला हीच शिकवायची. आकडे न वाचता येणाऱ्या म्हातारीच्या फोनवर हिरव्या बटणाला टिकली चिकटवून द्यायची आणि सांगायची, टिकली दाबली की बोलायचं. कुणाला काय येत नाही हे ओळखून तेवढंच सांगायचं, हा गुण तिच्यात तेव्हापासूनचा. पुण्याच्या लोकांनी तिला घेतलं ते त्यामुळेच, पदवीमुळे नव्हे.

यंदाच्या हंगामात एका संस्थेने पुण्याच्या कंपनीला हाताशी धरलं. ऊस तोडणाऱ्या बायांच्या हातात घड्याळं द्यायची, दर सोमवारी दुपारी भाकरीच्या सुट्टीत एआय मदतनिसाने प्रत्येकीला बाईच्या आवाजात, मराठीत फोन करून आठवड्याच्या तब्येतीबद्दल दोन शब्द सांगायचे, आणि कुणाला आधी तपासायचं त्याची यादी वनमाला सिस्टरांकडे पाठवायची. सिस्टर संस्थेच्या, आठवड्यातून दोनदा फडावर जाणाऱ्या. सुरुवातीला बाराच बाया घेऊन बघायचं ठरलं. टोळी कोणती घ्यायची, असं विचारल्यावर दीपमालाने आपल्या आईबापाची टोळी सुचवली. ती यंदा जिल्ह्यातच, सिरसाळ्याच्या पुढे उतरली होती. यादीतलं पहिलं नाव तिने लिहिलं भिवराबाई.

यात तिचा स्वार्थ होता आणि तो तिने माझ्यापासून लपवला नाही. दिवाळीत घरी गेली तेव्हा तिने आईला चुलीपासून उठताना दोनदा भिंत धरताना पाहिलं होतं. काय होतंय विचारलं तर आई उलट हिलाच विचारणार, तू जेवलीस का, खोलीत गरम पाणी मिळतं का, ती खालच्या मजल्यावरची बाई भांडते का अजून.

"तिच्या तोंडून एक शबूद निघत न्हाई, काका. आता घड्याळ सांगंल. घड्याळाला थोडंच म्हणता येतं, तू जेवलंस का?"

हे बोलताना तिच्या तोंडावर जो आनंद होता, तो मी पुढे बरेच दिवस पाहिला नाही.

काम तिने मन लावून केलं. लिहिलेलं मला वाचून दाखवायची, कारण मी काहीच जाणत नाही आणि मला कळलं की मशीनला कळेल, असा तिचा हिशेब. हे मी कौतुक म्हणून घेतलं. घड्याळ काढून ठेवलं असेल तर आकडा शून्य येत नाही, जागा रिकामी येते, आणि रिकामी जागा म्हणजे 'बाई चालली नाही' असं समजू नकोस, हे तिने त्या मदतनिसाला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बजावलं होतं. वेळ कुठली धरायची, झोप मोडून मोडून असेल तर कशी मोजायची, एकाही गोष्टीत तिने फट ठेवली नव्हती. आणि सगळ्यात वर पहिली ओळ होती: हे टूल दिलेल्या व्यक्तीची झोप, पावलं आणि हृदयाचे ठोके आणून देतं. ती ओळ मला इतकी सोपी वाटली की मी म्हटलं, ही तर मीसुद्धा लिहिली असती.

जानेवारीत आकडे येऊ लागले. दीपमालाने तपासणीचा पहिला प्रश्न टाकला तो अर्थातच आईबद्दल. मदतनिसाने टूलला विचारलं, टूलने आकडे दिले आणि उत्तर आलं. भिवराबाई रोज सरासरी पावणेसात तास शांत झोपतात, सव्वापाचला उठतात, विश्रांतीच्या वेळी ठोके बासष्ट, प्रकृती उत्तम, तपासणीची घाई नाही.

मी म्हटलं, "बघ, उगाच जीव टांगणीला लावला हुतास."

ती गच्चीवर गेली. खाली आली, पुन्हा गेली. संध्याकाळपर्यंत ती निदान पंधरा वेळा जिना चढली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस नंबरवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मी तिला बाहेर चहाला घेऊन गेलो.

"काय झालं आता? उत्तम हाय म्हणतंय ना?"

"माय सव्वापाचला उठत न्हाई, काका. चारला उठती. चुलीवर पाणी, दोघांच्या भाकरी, मंग फड. मी जन्मल्यापासून ती चारला उठती."

"मंग घड्याळ मागं पडत आसंल."

"तेच बघितलं आधी. हे आकडे विलायतेच्या येळंनं साठवतात, साडेपाच तासांचा फरक पडतो. तो मी धरलाय. बराबर हाय. पावलं बराबर, झोप बराबर. सगळं बराबर हाय आन् त्यात माय कुटंच न्हाई."

आईला फोन केला तर ती म्हणाली, घड्याळ लई छान हाय, चमकतं. पुढे विचारलं तर गरम पाण्यावर आली.

शनिवारी ती सिरसाळ्याला जायला निघाली. मला सिरसाळ्याला काम होतं, असं मी सांगितलं. काम काही नव्हतं. एसटीत ती खिडकीशी बसली आणि सगळा रस्ता पायाने खालचा पत्रा वाजवत राहिली. पुढच्या बाकावरच्या बाईने दोनदा मागे वळून पाहिलं तरी तिला पत्ता नव्हता. सिरसाळ्याला उतरून रिक्षा केली आणि फडावर पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील.

फडाच्या बांधावर तिचा बाप आसाराम दगडावर कोयत्याला धार लावत बसला होता. मनगटावर काळं, चमकणारं घड्याळ. त्याच्या पलीकडे दोन गडी मोळ्या बांधत होते, त्यांच्या हातात घड्याळं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून ऊस रचणाऱ्याच्या हातात घड्याळ. बाया मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीकडे ये-जा करत होत्या आणि त्यांच्या हातात बांगड्या होत्या. एका बाईच्या हातात घड्याळ असेल तर शपथ. दीपमाला जागच्या जागी थांबली. इतकी स्थिर मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती.

टोळीचा मुकादम हरिबा हसत पुढे आला. तिने त्याला विचारलं, घड्याळं कशी वाटली?

"कशी म्हंजी? तूच फोनवर सांगितलंस की, कोयत्यामागं एक घड्याळ द्या. बारा कोयते, बारा घड्याळं. एक बी इकडं तिकडं झालं न्हाई." त्याला शाबासकीची अपेक्षा होती, आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. कोयत्याला जे काही मिळतं ते गड्याच्या हाती द्यायचं, हीच आजवरची रीत.

पुण्याच्या फॉर्मात तिने बारा बायांची नावं नीट भरली होती. पण मुकादमाशी बोलताना तिच्या तोंडात घरची भाषा आली आणि ती बाई म्हणायच्या जागी कोयता म्हणून गेली. पुण्याच्या माणसाकडून ही चूक झालीच नसती. त्याला कोयता म्हणजे नुसतं हत्यार वाटलं असतं. झाली ती तिच्याकडून, आईबापाला जन्मभर एकच नग धरलेलं पाहणाऱ्या पोरीकडून. आणि वर तिने मदतनिसाला लिहून दिलं होतं की हे टूल व्यक्तीची माहिती आणतं. त्या बिचाऱ्याने विश्वास ठेवला आणि आसारामची झोप भिवराबाईच्या नावाने उत्तम ठरवली.

भिवराबाई मोळी टाकून परत येत होती. लेकीला पाहून तिने पदराने तोंड पुसलं. हसली, पण हसताना ट्रॉलीची कड धरली आणि जरा वेळ तशीच उभी राहिली. ओठ पांढरे. मी डॉक्टर नाही, पण मला कळलं.

"माय, काय होतंय तुला?"

"कुटं काय? ऊन हाय." जानेवारीचं ऊन, आणि आम्ही स्वेटर घालून आलो होतो.

"घड्याळ तुझ्यासाठी हुतं. आबांना कावून दिलंस?"

"मला काय करायचंय? मोळीला अडकतं." मग हळू आवाजात म्हणाली, "आन् थांबलं की त्यात दिसतं म्हनं. मुकादमाला कळलं म्हंजी?"

"मुकादमाला काय बी दिसत न्हाई त्यात. तू चल माझ्यासंगं दवाखान्यात. आजच."

"येडी का काय तू? मी बसले तर कोयता मोडतो. तुजा बाप एकटा काय तोडंल? हंगाम हुंदे, मंग बगू." आणि लगेच, "तू सकाळी काय खाल्लंस?"

आसाराम खाली मान घालून उभा होता. तो वाईट माणूस नाही. त्याने घड्याळ काढून पुढे केलं आणि म्हणाला, "मला ती कदी बोललीच न्हाई." दीपमालाने घड्याळ आईच्या हातात घालायला घेतलं तर आईने हात पाठीमागे नेला, लहान मुलं नेतात तसा. घड्याळ पुन्हा आसारामच्याच मनगटावर गेलं. दीपमाला रडली, चिडली, बापाला वाटेल ते बोलली. भिवराबाईने तिच्या पिशवीत चार भाकरी बांधून दिल्या आणि पुढची मोळी उचलायला गेली.

येताना एसटीत दीपमाला एकसारखी बोलत होती. मी लिहिलं व्यक्ती. कुणी विचारलं होतं मला व्यक्ती लिहायला? घड्याळाला काय माहीत कोण व्यक्ती ते. मी म्हटलं, अगं, जरा गप बस. ती म्हणाली, गप बसूनच तर हे झालं. मला राग आला, कारण ते खरं होतं आणि मी तिच्या आईसमोर चकार शब्द काढला नव्हता. आवक-जावक सांभाळणारा माणूस असाच असतो, कागद पुढे सरकवतो आणि गप्प राहतो.

रविवारी सुट्टी असूनही मी तिच्यासाठी अभ्यासिका उघडली. तिने पहिली ओळ खोडली. नवी लिहिली: हे टूल घड्याळाचे आकडे आणून देतं, घड्याळ कुणाच्या हातात आहे हे टूलला कळत नाही. खाली लिहिलं, एकेक घड्याळ नवरा-बायकोच्या जोडीत मिळून वापरलं जातं, म्हणून आकडे सांगण्याआधी माणसाला विचार की घड्याळ तुमच्याच हातात होतं का. नसेल तर तब्येतीबद्दल आकड्यांवरून एक अक्षर बोलू नकोस. तुम्हाला स्वतःला कसं वाटतं ते विचार, आणि समोरची बाई बोलत असेल तोवर मध्ये बोलू नकोस.

मग पुण्याच्या आरोहीचा फोन आला. ती दीपमालाची साहेब. गच्चीवर जायचं भानही दीपमालाला राहिलं नाही, फोन खुर्चीतच सुरू झाला आणि मी शेजारीच उभा होतो.

"दीपमाला, पहिलाच प्रश्न माणसालाच विचारायचा असेल तर मग आपलं टूल कशासाठी आहे?" आरोही म्हणाली. "आपण लोकांना हेच सांगतोय ना, की विचारावं लागत नाही."

"मॅडम, आठवडाभर आपण बारा गड्यांची झोप बारा बायांच्या नावाने मोजतोय. आकडा एकही चुकीचा नाहीये. चुकीचं माझं वाक्य आहे."

"मग घड्याळं बदलून द्या बायांना."

"देऊ. त्या परत नवऱ्याला देतील. काल माझ्यासमोर दिलं, माझ्याच आईनं."

मग आरोही म्हणाली, ठीक आहे, उद्या सोमवारचे पहिले फोन या वाक्यांवर चालवून बघू, फोन फार लांबले तर काढून टाकू. दीपमालाने फोन ठेवला. दार उघडं दिसलं म्हणून येऊन बसलेल्या तीन-चार पोरांनी उठून टाळ्या वाजवल्या आणि मी त्यांना नियम दाखवला.

सोमवारी दुपारी एक वाजता मदतनिसाचे फोन लागायला लागले. तपासणीसाठी सगळी बोलणी दीपमालाच्या पडद्यावर लिहून येत होती. ती उभीच होती. पहिलं नाव भिवराबाई. मी मागून वाचत होतो.

मदतनिसाने विचारलं, घड्याळ या आठवड्यात तुमच्या हातात होतं का?

'न्हाई. मालकाच्या हातात हाय.'

मग तुमच्याबद्दल मला घड्याळावरून काही सांगता येणार नाही. तुम्हाला स्वतःला कसं वाटतं?

यापुढे पडद्यावर बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं फोन कटला. मग ओळी यायला लागल्या आणि थांबेचनात.

'माजं इचारतीस का बाई तू? दिवाळीपासून मोळी उचलली की डोळ्यापुडं अंधारी येती. पहाटं उठले की धाप लागती, पानी भरता भरता खाली बसते. परवा ट्रॉलीपाशी पडले, बायांनी धरलं. अंगावरून लई जातं, चार महिने झाले. मालकाला म्हाईत न्हाई. कुनाला बोलले न्हाई. तू लांबची हाईस म्हून सांगते. माज्या पोरीला सांगू नको. ती लई घाबरती, तिचं कामात ध्यान लागायचं न्हाई.'

दीपमाला खाली बसली. खुर्चीत नाही, जमिनीवर. तिने तोंडात ओढणी धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. मी त्यावेळी काय करायला हवं होतं ते मला अजूनही माहीत नाही. मी तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

मदतनिसाने भिवराबाईचं नाव यादीत सगळ्यात वर टाकून वनमाला सिस्टरांना पाठवलं. सिस्टर त्याच दिवशी चार वाजता जीप घेऊन फडावर गेल्या. त्या तिखट स्वभावाच्या आहेत, त्यांनी हरिबाला आणि आसारामला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पाच भरलं, असायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. दोन पिशव्या रक्त चढवलं, अंगावरून जाणं थांबायला औषधं दिली आणि आठ दिवस कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीतच, पडून राहायला सांगितलं. टोळीतल्या बायांनी आळीपाळीने आसारामबरोबर मोळ्या वाहिल्या. बाकीच्या अकरा बायांचे फोनही लांबले आणि त्यातल्या आणखी चौघी दवाखान्यात गेल्या. आरोहीने ती वाक्यं काढली नाहीत.

दीपमाला दोन दिवस आईजवळ राहून आली. सिस्टरांनी कळवलं म्हणून आले, असं तिने सांगितलं. आई म्हणाली, ती सिस्टर लई चोंबडी हाय. लेकीने वाचलंय हे तिच्या गावीही नव्हतं.

मला वाटलं आता ही पोरगी बसेल. आई वाचली, काम झालं, आणखी काय पाहिजे? पण ती परत आली ती आधीपेक्षा वाईट. जेवायला गेली की अर्ध्यातून उठायची. गच्चीची किल्ली तिच्या हातातून सुटेना. शेवटी मीच वर गेलो.

"आता काय राहिलं?"

"ती म्हणली, पोरीला सांगू नको. आन् मी तितंच उभी राहून वाचत हुते, काका. तिनं जलमात पहिल्यांदा कुनाला तरी सांगितलं, आन् ते मी चोरून ऐकलं."

"चोरून ऐकलं म्हून जीव वाचला तिचा."

"सिस्टरांना गेलं म्हून वाचला. मी वाचायची काय गरज हुती? तपासणी म्हून वाचलं. तिला कुनी सांगितलं हुतं का, कोन कोन वाचतंय ते?"

आता ही मशीनकरवी आईला ते सांगणार हे ओळखून मी तिला समजावलं, रागावलो, हातसुद्धा जोडले. म्हटलं, अगं, ती लांबची समजून बोलते तर बोलू दे. औषधं संपली की पुन्हा अंगावरून जायला लागेल, तेव्हा कळायला नको का? आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेऊ नकोस. ती ऐकत होती आणि एका बाजूने डोळे पुसत होती. मग खाली गेली आणि त्या माहितीत तिने आणखी एक वाक्य घातलं. प्रश्न विचारण्याआधी, हे उत्तर कोण कोण वाचणार आहे ते नावानिशी सांग.

पुढच्या सोमवारपर्यंत, आठ दिवस भरायच्या आतच, भिवराबाई पुन्हा फडावर उतरली होती. एक वाजता फोन लागला. मी सत्तावीस नंबरच्या मागे जाऊन उभा राहिलो.

मदतनीस म्हणाला, तुम्ही जे सांगाल ते वनमाला सिस्टर वाचतील, आणि तपासणीसाठी बीडच्या दीपमाला वाचतील. तुम्हाला कसं वाटतं?

'कोन दीपमाला? तलवाड्याची?'

हो, यादीत तलवाडा लिहिलं आहे.

दीपमालाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

'मंग लिव्ह, बाई बरी हाय. काय बी हुत न्हाई तिला.'

दीपमालाने ते दोनदा वाचलं, लॅपटॉप मिटला आणि सिरसाळ्याची एसटी किती वाजता आहे ते मला विचारलं.